चढणीच्या माशामागे: अलास्कात मुलाबाळांसह सॅल्मनची मासेमारी आणि तंबूतला मुक्काम

कोकणात मृगाचा पाऊस लागला की वहाळांतून आणि शेताच्या बांधांवरून मासे उलटे वर चढू लागतात. पोटात गाबोळी घेऊन ते अंडी घालायला निघालेले असतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. अलास्काचा सॅल्मन हाही चढणीचाच मासा, फक्त त्याची चढण फार लांबची. नदीच्या गोट्यांत जन्म, काही जातींची वर्ष-दोन वर्षं गोड्या पाण्यात, मग काही वर्षं प्रशांत महासागरात, आणि शेवटी जिथे जन्मला त्याच पाण्यात परत. अंडी घालून झाली की नर आणि मादी दोघंही मरतात. तिथले सगळे नियम, मोजणी आणि मर्यादा यातूनच आल्या आहेत. तुमच्या गळाला लागलेला प्रत्येक मासा पुढची पिढी जन्माला घालायला निघालेला असतो.

आम्ही सिएटलजवळ राहतो. मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि दीर असे सहा जण आतापर्यंत तीनदा अलास्कात सॅल्मनसाठी जाऊन आलो. पहिल्या खेपेला धाकटा सहा वर्षांचा होता आणि पहिल्याच दिवशी तासाभरात थंडीने रडकुंडीला आला, कारण आम्ही तिघंही मोठे काठ्या घेऊन पाण्यात उभे होतो. त्या दिवशी आमच्या घरात एक नियम ठरला: मोठ्यांपैकी निम्म्यांचे हात रिकामे हवेत. दोन मोठे असतील तर एकाने गळ टाकायचा आणि दुसऱ्याने फक्त मुलं, पाणी आणि झाडी बघायची. बाकी सगळी तयारी या एका नियमाभोवती करा. काठीवाल्याचे डोळे पाण्यावर खिळलेले असतात. मुलाचा पाय घसरलेला किंवा पाठीमागच्या झुडपातली हालचाल त्याला दिसत नाही.

कोणती नदी

अलास्कात पॅसिफिक सॅल्मनच्या पाच जाती येतात: किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. स्थानिक लोक सॉकायला रेड आणि कोहोला सिल्व्हर म्हणतात. पहिल्यांदा सहकुटुंब जाणाऱ्यांनी केनाई द्वीपकल्पातली रशियन नदी धरावी, असं माझं मत आहे. अँकरेजहून तिथवर पक्का रस्ता आहे, वनखात्याचा मोठा कॅम्पग्राउंड आहे, आणि मासा काठापासून पाच-दहा फुटांवरून जातो, त्यामुळे बोट लागत नाही. ही नदी कूपर लँडिंग गावाच्या जरा पुढे केनाई नदीला मिळते. केनाईचं पाणी हिमनदीच्या गाळामुळे हिरवट-निळं आणि धूसर, तर रशियन नदीचं काचेसारखं. संगमावर दोन्ही रंग शेजारी-शेजारी वाहताना दिसतात.

केनाई नदी एकेकाळी किंगसाठी जगभर गाजलेली. १९८५ साली याच नदीत गळाला ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे ४४ किलोंचा किंग लागला होता आणि तो विक्रम अजून उभा आहे. पण अलीकडच्या काळात किंगची संख्या फार घटली आहे आणि तिथली किंगची मासेमारी वारंवार बंद ठेवावी लागते. किंग डोक्यातून काढून टाका आणि सॉकायसाठी जा. साधारण अडीच-तीन किलोंचा हा मासा चवीला सगळ्यांत उजवा, असं आमच्या घरचं एकमत आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जो मिळतो तो आपला रावस. त्याचा आणि सॅल्मनचा कुळाशीही संबंध नाही. रावसाचं मांस पांढरं असतं. सॉकायचं गडद लाल असतं, कारण समुद्रात तो बारीक कोळंबीसारखे जीव खातो आणि त्यांचा रंग त्याच्या मांसात उतरतो.

तारीख आधी, तिकीट नंतर

रशियन नदीत सॉकाय दोन लाटांत येतो. पहिली लाट जूनच्या मध्यापासून, दुसरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. सॉकायसाठी ही नदी ११ जूनला उघडते. उघडण्याचा दिवस आणि त्यानंतरचा शनिवार-रविवार मुलांना घेऊन टाळाच. संगमावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. तिथले लोक त्याला लढाईच म्हणतात. पहिल्या लाटेत जायचं तर जूनचा तिसरा आठवडा आणि आठवड्याचे मधले वार पाहा.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथली नदी माशांनी भरते. घरात चातुर्मास किंवा श्रावण पाळणारं कुणी असेल तर तारखेआधी पंचांगही उघडा. दुसरी लाट बहुतेक वर्षी आषाढ-श्रावणात सापडते. सासूबाई चातुर्मासात मासे खात नाहीत, म्हणून आम्ही जून धरतो.

मुलं अगदी लहान असतील तर आणखी एक वाट आहे. सम आकड्याच्या वर्षी, म्हणजे २०२६, २०२८ असं, ऑगस्टमध्ये केनाईत पिंक सॅल्मन भरपूर येतो. तो लहान असतो आणि चमकत्या स्पिनरवर (पाण्यात गरगरणाऱ्या पत्र्याच्या गळावर) झडप घालतो. सॉकायसारखी कला लागत नाही, म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलालाही जमतो. खायला मात्र सॉकायच्या पासंगाला पुरत नाही.

कॅम्पग्राउंडचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. सॉकायच्या दिवसांतल्या जागा खूप आधी संपतात, म्हणून डिसेंबरातच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. विमानाचं तिकीट जागा मिळाल्यावर काढा.

परवाना आणि नियम

परवाना अलास्काच्या मासे आणि शिकार खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतो. बाहेरून येणाऱ्यांपैकी १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो लागतो, मग तो सिएटलचा असो की साताऱ्याचा. १६ च्या आतल्या मुलांना लागत नाही. एक दिवस, तीन दिवस, सात दिवस असे वेगवेगळे परवाने असतात. रिकाम्या हाताने बसणाऱ्याने काठीला हातही लावायचा नसेल तर त्याला परवाना नको. पण ‘जरा धर’ म्हणून काठी हातात येतेच, तेव्हा सगळ्या मोठ्यांचा काढावा. किंगसाठी वेगळा शिक्का घ्यावा लागतो, सॉकायसाठी नाही.

रशियन नदीत सॉकायची नेहमीची मर्यादा माणशी दिवसाला तीन. पण हा आकडा पाठ करून जाऊ नका. नदीत वरच्या अंगाला, लोअर रशियन लेकच्या तोंडाशी, आडव्या कुंपणातून मासे एकेक करून मोजले जातात आणि रोजची मोजणी खात्याच्या संकेतस्थळावर येते. मासे कमी आले तर तातडीचा हुकूम निघून नदी बंद होते, भरपूर आले तर मर्यादा वाढते. निघायच्या आदल्या रात्री आणि अँकरेज सोडताना, असं दोनदा पाहा. पुढे फोनला रेंज मिळेलच असं नाही.

मुलांच्या बाबतीत एक नियम बऱ्याच पालकांना माहीत नसतो. मासा ज्याच्या गळाला लागला, त्याच्या वाट्यात तो मोजला जातो. बाबांनी मासा लावला आणि ओढायला मुलाच्या हातात काठी दिली, तरी मासा बाबांचाच. तीन झाले की बाबांनी थांबायचं.

गोड्या पाण्यात माशाला बाहेरून गळ रुतवणं बेकायदा आहे. गळ तोंडाऐवजी पाठीत, पोटात किंवा शेपटीत लागला असेल तर मासा ताबडतोब सोडायचा. या पट्ट्यात आमिष चालत नाही; फक्त एका आकड्याची माशी, म्हणजे केस-धागे बांधलेला गळ चालतो. आकड्याचं टोक आणि दांडी यांतलं अंतर इंचाच्या तीन-अष्टमांशापेक्षा जास्त नको आणि शिसं, म्हणजे दोरीला लावायचं वजन, माशीपासून किमान १८ इंच वर हवं. दुकानात ‘रशियन रिव्हर फ्लाय’ मागितली की बरोबर मापाची मिळते.

केनाईच्या मुखाशी मोठमोठ्या जाळ्या घेऊन उभी असलेली कुटुंबं दिसतील. ती मासेमारी फक्त अलास्काच्या रहिवाशांसाठी आहे. बाहेरच्यांनी मदतीला म्हणूनसुद्धा जाळीला हात लावायचा नाही.

सामान: काय न्यावं, काय तिथे घ्यावं

जुलैतही दिवसा पारा १५ ते १८ अंशांच्या आसपास असतो, पहाटे पाच-सहावर येतो, आणि पाऊस केव्हाही. सुती कपडे, जीन्स घरीच ठेवा. ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषून घेतो. आत लोकर किंवा पॉलिस्टर, वर फ्लीस, त्यावर खरा पाऊसकोट. मुलांसाठी मोज्यांचे दिवसाला दोन जोड धरा.

गळ टाकणारा असो की काठावर बसणारा, नदीजवळ प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर कडा असलेली टोपी हवीच. यात सूट नाही. गाळात अडकलेला किंवा माशाच्या तोंडातून सुटलेला गळ शिशासकट गोळीसारखा उलटा येतो. दुसऱ्या खेपेला माझ्या दिराच्या चष्म्याच्या काचेवर शिसं आदळून ओरखडा उठला. चष्मा नसता तर डोळा गेला असता. पोलराइज्ड काचांचा घेतलात तर पाण्यावरची चमक कापली जाऊन तळाशी सरकणारे मासेही दिसतात.

काठी साधी मध्यम-जड स्पिनिंगची चालते. फ्लाय रॉड हवी असेल तर आठ किंवा नऊ नंबरची. दोरी किमान २० पौंडांचा ताण सोसणारी. काठ्या आणि कमरेपर्यंतचे वेडर (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी) अँकरेजमध्ये भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. वेडरवर पट्टा आवळून बांधा, म्हणजे पडल्यावर आत पाणी भरत नाही. लहान मुलांना वेडर देऊच नये, असं मला वाटतं. घोट्यापर्यंत पाणी असेल तिथे गमबूट आणि अंगात लाइफ जॅकेट. अलास्कात १३ वर्षांखालच्या मुलांना उघड्या होडीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या घरी हाच नियम काठावरही लागू आहे. पुष्कळ ठिकाणी पाण्याकाठी ‘किड्स डोन्ट फ्लोट’ असा फलक आणि त्याखाली फुकट वापरायला जॅकेटं टांगलेली असतात. तरी मापाचं जॅकेट आपलं आपण न्यावं.

अस्वलांवरचा मिरचीचा फवारा विमानात न्यायला बंदी आहे, हातातही नाही आणि बॅगेतही नाही. तो अँकरेजमध्येच घ्या, प्रत्येक मोठ्यासाठी एक. डासांसाठी डीईईटी किंवा पिकारिडिनचं मलम. डीईईटी प्लास्टिक खातं, म्हणून लावल्यावर हात पुसून मगच चष्म्याला आणि दोरीला हात लावा. जूनमध्ये रात्री साडेअकराच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरही नीट अंधार होत नाही, म्हणून मुलांसाठी डोळ्यांवरच्या पट्ट्या न्या. प्रथमोपचाराच्या डब्यात तार कापायची पक्कड ठेवा. गळ कातडीत घुसला तर लागते. डोळ्याजवळ घुसला असेल तर काढायचा प्रयत्न करू नका, तसाच झाकून डॉक्टर गाठा.

रस्ता

अँकरेज ते कूपर लँडिंग साधारण १६० किलोमीटर. सव्वादोन तासांचा रस्ता, पण मुलांसह चार तास धरा. किराणा आणि बर्फ अँकरेजमध्येच भरून घ्या. कूपर लँडिंगला दुकानं छोटी आहेत आणि मोठं दुकान एकदम सोल्डोट्नालाच. सिवर्ड हायवे टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या कडेने जातो. दिवसाही दिवे लावून गाडी चालवायची. मागे पाच गाड्या साचल्या की बाजूला घेऊन वाट द्यायची, हा तिथला कायदा आहे.

ओहोटीच्या वेळी खाडीत राखाडी रंगाचा सपाट चिखल उघडा पडतो. मुलांना तो चौपाटीसारखा वाटतो. त्यावर पाऊलही टाकू देऊ नका. हिमनदीचा तो बारीक गाळ पाय पकडून ठेवतो आणि भरती फार वेगाने येते. बेलुगा पॉइंटला थांबून खडकांवरूनच पाणी बघा. उन्हाळ्यात नशीब असेल तर पांढरे बेलुगा देवमासे दिसतात. पुढे टर्न लेकपाशी उजवीकडे वळलात की स्टर्लिंग हायवे लागतो.

मुक्काम: आधी अस्वल, मग तंबू

पोचल्यावर पहिल्या दिवशी काठी बाहेर काढूच नका. तंबू नीट लागला, सगळे पोटभर जेवले, शौचालय, पाण्याचा नळ आणि नदीकडे उतरणारा जिना मुलांना पाठ झाला, की पहिला दिवस कारणी लागला.

रशियन नदीवर तपकिरी आणि काळी, दोन्ही अस्वलं असतात आणि तीही सॅल्मनसाठीच आलेली असतात. अस्वलाला एकदा माणसाच्या डब्यातलं खाणं मिळालं की ते पुन्हा येतं आणि शेवटी बहुधा त्याला मारावं लागतं. म्हणून खाण्याची वस्तू, कचरा, टूथपेस्ट, साबण, मुलांच्या खिशातली गोळी, काहीही तंबूत नको. वापर झाला की लगेच अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत किंवा बंद गाडीत. तंबूत शिरण्याआधी मुलांचे खिसे उलटे करून बघणं हे आमच्याकडे सासूबाईंचं काम, आणि त्या ते कडक करतात. अस्वलांचा वावर वाढला तर कापडी तंबूंना तात्पुरती मनाई होते. गाडीत झोपता येईल अशी पर्यायी सोय मनात ठेवा.

आपल्या स्वयंपाकाचा इथे वेगळा विचार करायला हवा. हिंग-लसणाची फोडणी, तळलेला मासा, सुकं खोबरं यांचा वास फार लांब जातो आणि कपड्यांत बसतो. आम्ही फोडणीचे पदार्थ कॅम्पवर करतच नाही. मेतकूट-भात-तूप, घरून भाजून नेलेल्या रव्याचा उपमा, दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि चहा यांवर चार दिवस छान निघतात. पकडलेला मासा तळायचा मोह होतो, पण तो घरी. फारच वाटलं तर दुपारी, तंबूपासून दूर, फॉइलमध्ये मीठ-हळद-लिंबू लावून एखादा तुकडा शिजवा, आणि त्या वेळचे कपडे रात्री गाडीत ठेवा. आरक्षित जागा नसलेल्या मोकळ्या रानात मुक्काम असेल तर स्वयंपाक तंबूपासून ९० मीटर लांब करायचा, असा सर्वसाधारण नियम आहे.

झाडीतून चालताना बोलत राहा. घुंगरांचा फारसा उपयोग होत नाही, माणसाच्या आवाजाचा होतो. आमची मुलं पाढे म्हणतात, सासूबाई हरिपाठ. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. सगळ्यांनी एकत्र येऊन, मुलांना मध्ये घेऊन, शांतपणे बोलत मागे सरकायचं. ते अंगावर येत असेल तर नऊ-दहा मीटरवर आल्यावर फवारा त्याच्या तोंडासमोर जरा खाली मारायचा. तपकिरी अस्वलाने गाठलंच तर पालथं पडून मानेवर हात बांधून निपचित राहायचं. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर प्रतिकार करायचा. घरी अंगणात हे दोनदा खेळून घ्या, मुलांना खेळातलं लक्षात राहतं. फवारा मारायचा सरावही पाण्याच्या बाटलीने करून घ्यावा, कारण तो पिशवीच्या तळाशी असला तर नसल्यासारखाच. आणि तो डासांच्या मलमासारखा अंगावर किंवा तंबूवर फवारायचा नसतो.

शेकोटीआधी आगबंदी आहे का ते फलकावर वाचा. २०१९ साली स्वान लेक वणव्यात याच द्वीपकल्पातली १,६०,००० एकरांहून अधिक जमीन जळाली आणि स्टर्लिंग हायवेही अधूनमधून बंद ठेवावा लागला. तिथे पुश्की नावाचं छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांचं, माणसाच्या उंचीचं झाड जागोजागी असतं. त्याचा रस कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी ते ओळखायला शिकवा.

दुसरा दिवस: आधी मासा बघा

गळ टाकण्याआधी मुलांना रशियन रिव्हर फॉल्सला न्या. कॅम्पग्राउंडमधल्या रशियन लेक्सच्या वाटेने एका बाजूने सुमारे पावणेचार किलोमीटर, चढ सौम्य. लाटेचे दिवस असतील तर धबधब्यात मासे उडी मारताना, आपटताना, पुन्हा उडी मारताना दिसतात. माझ्या मुलीने तिथे विचारलं, ‘हे एवढं चढून आले आणि आपण त्यांना मधेच पकडणार?’ मी तिला मोजणीचं कुंपण आणि मर्यादा समजावून सांगितली: पुरेसे वर पोचले तरच खालच्यांना पकडायची परवानगी मिळते. दुसऱ्या दिवशी मासा हातात आल्यावर ती ज्या गंभीरपणे वागली ते या धबधब्यामुळेच.

ही नदी इथल्या मूळ रहिवासी डेनाइना लोकांची आहे. त्यांच्या भाषेत केनाई नदीचं नाव काहत्नू. कॅम्पग्राउंडच्या जवळच केनाइत्झे जमातीने जपलेली के’बेक’ ही जागा आहे. जुन्या वस्तीच्या खुणा लाकडी फळ्यांच्या वाटेवरून बघता येतात. अर्धा तास काढा.

गळ टाकायचा दिवस

पहाटेची वेळ सोडा. उशिरा रात्री आणि भल्या पहाटे अस्वलांचा वावर जास्त असतो आणि गारठाही. कुटुंबासह सकाळी दहा ते दुपारी चार उत्तम. केनाईच्या पलीकडच्या काठावर जायचं तर स्टर्लिंग हायवेच्या ५५व्या मैलाजवळ तारेला धरून चालणारी फेरीबोट आहे. नदीच्या प्रवाहाच्याच जोरावर ती या काठावरून त्या काठावर जाते, आणि मुलांना माशाइतकीच ती आवडते. पण पहिल्यांदा जाताना कॅम्पग्राउंडच्या बाजूनेच जिन्याने उतरा. गर्दी कमी, आणि थंडी वाजली तर तंबू जवळ. जिने आणि फळ्यांची वाट सोडून काठ तुडवू नका, कारण मुळं उखडली की काठ ढासळतो आणि पिल्लांचा आसरा जातो.

जागा घेताना प्रवाह पोटरीच्या वर जाणार नाही असं पाहा. सॉकाय काठालगतच्या उथळ पाण्यातून चढतो. खोल पाण्यात उभे राहिलात तर मासे तुमच्या मागून जातील.

आता मुख्य कसब. सॉकाय गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं बंद करतो, त्यामुळे तो आमिषाला भुलत नाही. तोंड उघड-मिट करत तो वर पोहतो. आपली दोरी त्या उघड्या तोंडातून सरकवून माशी जबड्याच्या कडेला अडकवायची, एवढीच युक्ती. रीळ वापरायचंच नाही. काठीच्या टोकापासून दहा-पंधरा फूट दोरी मोकळी ठेवा. घड्याळाचा १२ चा आकडा तुमच्या अगदी समोर धरला आणि प्रवाह डावीकडून उजवीकडे वाहत असेल, तर १० च्या दिशेला अलगद फेका. शिसं तळाच्या गोट्यांना टक-टक लागत यायला हवं. लागतच नसेल तर शिसं वाढवा, सारखं अडकत असेल तर कमी करा. दोरी २ च्या दिशेला पोचली की काठी पाण्याला समांतर ठेवून काठाच्या दिशेने झटकन ओढा आणि त्याच लयीत पुन्हा १० ला टाका. काठी वर उचलून झटका देऊ नका. तसं केलं की सुटलेला गळ आपल्याच चेहऱ्यावर येतो. मुलाला आधी गळ न लावता, नुसत्या शिशावर वीस वेळा करून दाखवा आणि करून घ्या.

टकटक अचानक थांबली की ओढा. मासा लागला तर मोठ्याने ‘फिश ऑन!’ म्हणा, शेजारचे आपापल्या दोऱ्या बाहेर काढतात. दुसरं कुणी ओरडलं तर तुम्हीही काढा. मासा प्रवाहात पळतो, तेव्हा काठी खाली आणि आडवी ठेवून, मागे-मागे जात त्याला काठाच्या उथळ पाण्यात आणा. मुलाच्या मागे एक मोठा माणूस हवाच. रिकाम्या हातांचं महत्त्व इथे कळतं: एक जण मुलाचं जॅकेट मागून धरतो, दुसरा जाळी लावतो. मासा हवेत झोके घेत असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

गळ कुठे लागलाय ते आधी बघा. तोंडाबाहेर असेल तर पाण्यातच ठेवून सोडा. तुम्ही दहा मासे लावाल तेव्हा त्यातले कितीतरी असेच सोडावे लागतील, ते मुलांना आधीच सांगून ठेवा.

कुणी पाण्यात पडलंच तर प्रवाहात उभं राहायची धडपड करायची नाही, पाय गोट्यांत अडकतो. उताणं पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर, आणि हातांनी काठाकडे सरकायचं. ओठ निळे पडले, बोलणं अडखळू लागलं, कुडकुडणं थांबून मूल सुस्त झालं, तर दिवस संपला. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, मूल नीट शुद्धीवर असेल तरच गरम गोड पेय द्या, आणि सुस्त झालं असेल तर लगेच वैद्यकीय मदत बोलवा. मासा राहिला तरी चालेल.

अस्वल नदीत उतरलं तर माशाशी झुंजत असलात तरी दोरी कापा आणि मागे व्हा. पिशवी, डबा, बर्फाची पेटी सतत हाताच्या अंतरात, मासे नजरेसमोर. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून काठावर काही ठेवून जायचं नाही.

मासा हातात आल्यावर

डोक्यावर एकच जोरदार ठोका, लगेच कल्ले कापून वाहत्या पाण्यात रक्त जाऊ द्या, मग बर्फात. याने चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुलांनी बघायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा, पण बघायचं असेल तर लपवू नका. आम्ही ठोका द्यायच्या आधी एक क्षण सगळे थांबतो.

शक्य असेल तर मासा अख्खाच नदीवरून वर न्या, म्हणजे आतडी आणि सांगाडे काठावर साचून अस्वलं येत नाहीत. साफ करावाच लागला तर सगळा भाग बारीक तुकडे करून जोरदार, खोल प्रवाहात फेका. मादी असेल तर गाबोळी मिळते. आम्ही ती वेगळी डब्यात ठेवतो आणि घरी हळद-मीठ-मसाला लावून मंद आचेवर परततो. बोंबलाच्या गाबोळीपेक्षा हे दाणे मोठे आणि रसाळ असतात. झाकण ठेवा, ते फुटून उडतात.

किती पकडायचे? सहा जणांची मर्यादा दिवसाला अठरा होते आणि चार दिवसांत मासे वाहून न्यायलाही गाडी पुरणार नाही. आम्ही दिवसाला सगळे मिळून पाच पकडतो. एका संध्याकाळी एवढेच नीट साफ होतात.

परतीला सोल्डोट्ना किंवा अँकरेजमध्ये मासे निर्वात पाकिटांत भरून गोठवून देणारी दुकानं आहेत. गोठलेली पाकिटं जाड थर्माकोलच्या खोक्यात घट्ट भरली की जेल-बर्फावर विमानातून चेक-इन सामानात नीट जातात. सुका बर्फ वापरणार असाल तर माणशी अडीच किलोपर्यंतच आणि विमान कंपनीला आधी सांगून.

रानातल्या सॅल्मनमध्ये जंत असू शकतात, म्हणून ताजा म्हणून कच्चा खाऊ नका. उणे २० अंशांवर सात दिवस गोठवला किंवा आतपर्यंत ६३ अंश शिजवला की धोका जातो. सॉकायला चरबी कमी, तेव्हा सुरमईसारखा कडक तळलात तर लाकूड होतो. रवा लावून मध्यम आचेवर एका बाजूने तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन. ओल्या खोबऱ्याच्या आमटीत घालायचा तर कालवण उकळून गॅस बंद केल्यावर तुकडे सोडा आणि झाकून ठेवा.

पाकिटावर तारीख आणि ज्याच्या गळाला मासा लागला त्याचं नाव लिहा. वितळवताना पाकीट आधी कापा, मग फ्रिजमध्ये ठेवा. हवाबंद पाकिटात मासा वितळला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या विषाला वाव मिळतो. आमच्या फ्रीजरमध्ये सध्या दोन पाकिटं उरली आहेत, दोन्हींवर धाकट्याचं नाव आहे, आणि ती दिवाळीपर्यंत उघडायची नाहीत असं त्याने सांगून ठेवलं आहे.